अनुशय

दुकानांच्या भिंतींवर ज्या पाट्या लावलेल्या असतात त्यांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ‘उधारी बंद आहे’, ‘भाव एकच’, ‘आज रोख, उद्या उधार’ ही वाक्ये लक्ष्मीच्या तसबिरीइतकीच दुकानाचा भाग होऊन बसलेली असतात, आणि ती वाचली न वाचलीशी करून आपण आपला व्यवहार उरकतो. ह्याच मालिकेतील एक वाक्य मात्र असे आहे की, त्याचा विचार एकदा मनात शिरला म्हणजे सहजासहजी निघत नाही. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे ते वाक्य होय. कोठे ते भिंतीवर रंगविलेले असते, तर कोठे बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले असते. परंतु त्यातील निश्चय सर्वत्र सारखाच. पैसे गल्ल्यात पडताक्षणी विकणाऱ्याचे कर्तव्य संपले, आणि वस्तूचे पुढे जे काही बरेवाईट निघेल ते घेणाऱ्याने आपल्या नशिबाचे म्हणून सोसावे, असा हा निश्चय आहे. तो कशाच्या बळावर केला जातो, त्यात न्याय किती व केवळ सवय किती, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचे आम्ही योजिले आहे.

कोणी म्हणतील की, हा प्रश्न वाण्या-उदम्यांचा. नीतिविचाराशी त्याचा संबंध काय? शिवाय आजच्या शहरी कुटुंबात तो जवळजवळ सुटल्यासारखाच दिसतो. मोबाइलवर मागविलेला सदरा अंगाला सैल झाला, तर त्याच मोबाइलवर दोन ठिकाणी बोट टेकविले की माणूस दाराशी येऊन तो घेऊन जातो, आणि थोड्याच दिवसांत पैसे खात्यात जमा होतात. मग ह्यात विचार करण्यासारखे उरले काय? आम्हांसही काही दिवसांपूर्वीपर्यंत असेच वाटत असे. मुरबाडच्या बाजारात पाहिलेल्या एका लहानशा प्रसंगाने आमचे मत बदलले. म्हणून प्रथम तोच सांगतो.

आषाढाचे दिवस होते. आम्ही शहापूरचे राहणारे. काही कामानिमित्त किन्हवलीच्या वाटेने मुरबाडास गेलो होतो. पावसाची जोराची सर आली म्हणून विजेच्या सामानाच्या एका दुकानाच्या पडवीत उभे राहिलो. इतक्यात डोंगराकडच्या वाडीवरची एक प्रौढ बाई तेथे आली, आणि तिने पदराखालून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली चार्जिंगची बॅटरी काढून फळीवर ठेवली. तीन आठवड्यांपूर्वी ३५० रुपयांस घेतलेली ती बॅटरी दुसऱ्याच रात्री विझली होती. आवणीच्या दिवसांत पहाटेच्या अंधारात बांधावरून चालणाऱ्यास बॅटरी ही चैनीची वस्तू नव्हे. त्या दिवसांत पायाखाली काय येईल ह्याचा नेम नसतो. बाईची ही तिसरी खेप होती. पहिल्या खेपेस तिला बिल आणावयास सांगितले होते. दुसऱ्या खेपेस तिने बिल आणले, तेव्हा कंपनीचा माणूस मंगळवारी येतो असे तिला कळले. आज मालक कल्याणला गेले होते. ‘मावशी, पुढच्या आठवड्यात या, बघू आपण,’ असे गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला. तो उद्धट नव्हता; त्याच्या हाती अधिकार नव्हता, इतकेच. बाईने क्षणभर बॅटरीकडे पाहिले आणि म्हणाली, ‘ठेवा तुमच्याकडंच. परत यायाला परवडत नाय.’ एवढे बोलून ती पावसातच निघून गेली.

तिचा हिशेब अगदी बरोबर होता. एस. टी.त स्त्रियांस २०२३ सालापासून अर्धे तिकीट पडते हे खरे. परंतु आवणीच्या ऐन हंगामात एक दिवस बाजारात गेला म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते. तीन खेपांत बुडालेली मजुरी बॅटरीच्या किमतीच्या किती तरी पुढे गेली होती. नाकापेक्षा मोती जड झाला, तेव्हा तिने मोती टाकून दिला. दुकानाच्या वहीत ह्या प्रकरणाची नोंद काय झाली असेल? आमच्या समजुतीप्रमाणे काहीच नाही. पैसे परत द्यावे लागले नाहीत, भांडण झाले नाही, तक्रारही उरली नाही. गरिबांच्या पुष्कळशा तक्रारी अशाच मिटतात. त्या सुटत नाहीत, तक्रार करणारा थकून जातो.

ह्यात आमच्या मनास अधिक लागलेली गोष्ट निराळीच आहे. त्याच महिन्यात आमच्या घरी मागविलेल्या एका चादरीचा रंग खोलीतील पडद्यांस शोभेना. चादरीत दोष कोणताच नव्हता. तरीही आम्ही ती परत केली. भर पावसात एक तरुण शहापुरातील आमच्या दाराशी येऊन ती घेऊन गेला, आणि तिसऱ्या दिवशी पैसे परत आले. आमच्या लहरीस तीन दिवस पुरले. त्या बाईच्या सर्वस्वी न्याय्य मागणीस तीन आठवडे पुरले नाहीत. आणि पडवीत उभे राहून हे सर्व ऐकत असताना आम्ही एक शब्दही बोललो नाही. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विकलेला माल परत घेणे ही कल्पना आपल्याकडे मोबाइलबरोबर आली अशी जर कोणाची समजूत असेल, तर ती चुकीची आहे. मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत ऋणादान, निक्षेप ह्यांच्या पंक्तीस ‘क्रयविक्रयानुशय’ हे एक स्वतंत्र पद आहे. अनुशय म्हणजे मागाहून होणारा पस्तावा. घेतल्याचा किंवा विकल्याचा ज्यास पस्तावा होईल, त्याने दहा दिवसांच्या आत वस्तू परत द्यावी किंवा परत घ्यावी, असे मनूचे सांगणे आहे. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, पस्ताव्याचा हक्क घेणाऱ्यास व विकणाऱ्यास सारखाच दिला आहे. नारदाने ह्यात थोडी कसोशी आणली. त्याच दिवशी वस्तू जशीच्या तशी परत केली तर काही तोटा नाही. दुसऱ्या दिवशी परत करणाऱ्याने किमतीचा तिसावा हिस्सा सोडावा. तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. आणि त्यापुढे वस्तू घेणाऱ्याचीच. ज्या वाचकांस हा विषय विस्ताराने पाहावयाचा असेल, त्यांनी महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा १९४६ साली प्रसिद्ध झालेला तिसरा खंड अवश्य पाहावा.

परंतु आम्हांस सर्वांत मार्मिक वाटतो तो याज्ञवल्क्याचा नियम. त्याने परीक्षेची मुदत सर्व वस्तूंस एक ठेविली नाही. लोखंडास एक दिवस, दुभत्या जनावरास तीन, ओझ्याच्या व नांगराच्या जनावरास पाच, रत्नास सात आणि बियाण्यास दहा दिवस, अशी त्याने वाटणी केली आहे. हे आकडे कशावरून काढले असतील हे सांगावयास पंडिताची गरज नाही. शेतकऱ्यास विचारले तरी पुरे. लोखंड ठोकून पाहिले की त्याचे पाणी कळते. गाय चार-सहा वेळा पिळल्याशिवाय तिच्या दुधाची व स्वभावाची खात्री पटत नाही. बैल जुवाखाली घातल्याशिवाय ओळखत नाही. आणि बी? ते तर मातीत पडून कोंब वर येईपर्यंत आपले गुपित कोणास सांगत नाही. अर्थात दोष उघडकीस येण्यास जितका काळ लागतो, तितका काळ घेणाऱ्यास मिळालाच पाहिजे, हे त्या वाटणीचे मर्म आहे. त्याच नियमात दासदासींच्या परीक्षेचीही मुदत सांगितलेली आहे, हे येथे लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या समाजात माणूसही विकला जाई, त्याचे सर्व नियम शिरसावंद्य मानावे असे आमचे म्हणणे नाही. तथापि सौदा झाल्यावरही वस्तूचा खरेखोटेपणा ठरावयाचा असतो, ही गोष्ट त्या शास्त्रकारांस पक्की ठाऊक होती.

पौष पौर्णिमेस मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे म्हसोबाची यात्रा भरते, आणि तेथील गुरांचा बाजार प्रसिद्ध आहे. जनावराचे दात मोजावे, खूर उचलून पाहावे, पाठीवर हात फिरवून ते किती चमकते ते अजमावावे, दहा पावले चालवून पाहावे, ही परीक्षा प्रत्येक जाणता शेतकरी तेथे करितोच. पण एवढ्यानेही काम भागत नाही हे त्यास ठाऊक असते. आणि म्हणून तो बैलाबरोबर विकणाऱ्याचा शब्दही विकत घेतो. ‘बैल बसका निघाला तर माझ्या दाराशी आणून बांध,’ असे विकणाऱ्याने म्हटले, तर त्या शब्दाचेही काही मोल किमतीत धरलेले असते. आमच्या मते प्रत्येक विक्रीचे खरे स्वरूप हेच आहे. दुकानदार वस्तू विकतो तेव्हा ती अमुक काम करील हे वचनही विकतो. बॅटरीचे ३५० रुपये हे पत्र्याचे व काचेचे मोल नव्हते, उजेडाचे होते. उजेड पडला नाही तर विक्री पुरी झालीच नाही. आणि मग दुकानदाराच्या गल्ल्यात पडलेले ते पैसे त्याने कमावलेले नसून त्याजकडे केवळ ठेव म्हणून राहिलेले आहेत, असे म्हणणे प्राप्त होते. ठेव परत देण्यास जो विलंब लावितो, त्यास आपण काय म्हणतो हे सांगण्याची आवश्यकता नाही.

पाश्चात्य देशांतही हा वाद जुना आहे. रोममध्ये बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी गुलाम व जनावरे विकणाऱ्यांवर दोष आधी सांगण्याचे बंधन घातले होते, आणि न सांगितलेला दोष आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सौदा मोडता येत असे. पुढे इंग्रजी कायद्यात ‘घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावे’ हे तत्त्व बळावले. समोरासमोर बसून धान्याची मूठ हातात घेऊन पाहता येत होती, तोपर्यंत त्यात काही अर्थही होता. परंतु बंद खोक्यातील वस्तू डोळे कितीही उघडे ठेविले तरी दिसत नाही. अमेरिकेत माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या व्यापाऱ्याने १८७२ साली शिकागोहून टपालाने खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांस माल पाठविण्याचा धंदा सुरू केला, आणि लवकरच माल पसंत न पडल्यास पैसे परत करण्याची हमी दिली. ती उदारता नव्हती. न पाहता माल घेणाऱ्या शेतकऱ्यास विश्वास वाटावा ह्यास दुसरा उपायच नव्हता. युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशाने दूरून मागविलेला माल १४ दिवसांत कारण न सांगता परत करण्याचा जो हक्क दिला, त्याच्या मुळाशीही हेच आहे. ज्याला वस्तू आधी हाताळता आली नाही, त्याला ती मागाहून हाताळू द्यावी.

आपल्या देशातील कायदा ह्या बाबतीत मुका आहे असे मुळीच नाही. मालविक्रीचा १९३० चा कायदा अद्याप चालू आहे, आणि त्याच्या ४३ व्या कलमात एक अशी गोष्ट सांगितली आहे की, ती वाचून आम्ही चकितच झालो. निराळा करार नसेल, तर ज्या घेणाऱ्यास माल नाकारण्याचा हक्क आहे त्याने तो विकणाऱ्याकडे पोचता करण्याची जरुरी नाही. मला हा माल नको, एवढे कळविले म्हणजे पुरे. त्या बाईची बॅटरी ह्या कलमाच्या चौकटीत बसते किंवा नाही, हा वकिलांचा प्रश्न आम्ही त्यांजवरच सोपवितो. त्यातील तत्त्व मात्र सर्वांस कळण्यासारखे आहे. चूक ज्याच्याकडची, परतीच्या वाटेचा भार त्याच्यावर. बाजारातील वहिवाट नेमकी ह्याच्या उलट आहे. तेथे दोष विकणाऱ्याचा आणि पायपीट घेणाऱ्याची, हेच स्वाभाविक मानले जाते.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. सदोष माल परत न घेणे आणि बिलात लिहिलेल्या मुदतीत, व मुदत लिहिली नसल्यास ३० दिवसांत, पैसे परत न देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. म्हणजे ज्या पाटीपासून आम्ही प्रारंभ केला, ती सदोष मालाच्या बाबतीत दुकानदाराचे संरक्षण करू शकत नाही. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. ५ लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीस शुल्क नाही. १९१५ ह्या क्रमांकावर फोन करूनही गाऱ्हाणे मांडता येते. हे सर्व चांगलेच आहे. परंतु जिल्हा आयोग ठाण्यास. मुरबाडच्या वाडीवरून निघावे, एस. टी.ने कल्याण गाठावे, आणि तेथून लोकलने ठाणे, तेही तारखेगणिक. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत व्हावयाची. कायद्याने हक्क दिला. त्या हक्कापर्यंत जाणारी वाट ३५० रुपयांच्या वस्तूसाठी कोणास परवडेल अशी अजून झाली नाही.

ह्या वाटेचा विचार करताना धसईचे स्मरण होते. मुरबाड तालुक्यातील हे बाजाराचे गाव २०१६ च्या डिसेंबरात राज्यातील पहिले रोखविरहित गाव म्हणून जाहीर झाले, आणि तेथील लहान लहान दुकानांतही कार्डाने पैसे घेण्याची यंत्रे बसली. पुढे काय झाले, यंत्रे किती चालली, हा वेगळा विषय आहे. आज मात्र मोबाइलवरून पैसे देणे हे शहापूर-मुरबाडच्या भाजीवालीसही नवे राहिलेले नाही. गिऱ्हाइकाच्या खिशातून दुकानदाराकडे पैसे जाण्यास आता एक निमिष लागते. त्याच तारेवरून ते उलट दिशेने येण्यास कोणती अडचण आहे? यंत्राची तर काहीच नाही. म्हणजे आजवर विलंबाचे जे कारण सांगण्यात येई ते नाहीसे झाले, आणि उरला तो केवळ विलंब लावणाऱ्याचा हेतू किंवा आळस.

ह्या संबंधात रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी काढलेल्या एका परिपत्रकाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. यूपीआयने पाठविलेले पैसे एका खात्यातून वजा झाले परंतु दुसऱ्यात पोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत जमा झाले पाहिजेत. आणि तसे न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई द्यावी, तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता, असे त्यात सांगितले आहे. हा नियम फसलेल्या व्यवहारांपुरता आहे, सदोष मालास तो लागू नाही. तथापि त्यातील नीतितत्त्व आम्हांस फार मोलाचे वाटते. ज्याच्या हाती दुसऱ्याचा पैसा अडकून पडला आहे, त्याने स्वतः होऊन तो सोडावा. ज्याचा अडकला आहे त्याला विनवण्या करावयास लावू नये. आणि दिरंगाईला दिवसागणिक किंमत असावी. बँकांस जे लागू केले ते माल विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांस लागू करणे अशक्य आहे, असे आम्हांस वाटत नाही.

विलंबाचा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, हे बियाण्याच्या उदाहरणाने जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशानेही होत नाही. आमच्या ह्या दोन्ही तालुक्यांचे जीवन भातावर. राब भाजून झाले, पहिला पाऊस पडला की धूळवाफ्याची पेरणी होते. मग रोपे, मग आवणी. पिशवीतले बी उगवले नाही, तर शेतकरी पिशवीचे पैसे मागावयास जातो. समजा, दुकानदाराने ते परतही केले. पण मृगाचे दिवस कोण परत करणार? दुसरे बी आणून टाकावे तर रोपास उशीर, आणि रोपास उशीर म्हणजे पुढे पावसाचा ताण पडला की दाणा पळीज. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात, बी विकत घेणारा शेतकरीही ग्राहकच असून त्याला ग्राहक न्यायालयाकडे दाद मागता येते, असा निर्णय दिला, तो सर्वथा योग्यच होय. परंतु दाद मिळेपर्यंत हंगाम निघून जातो, आणि नुकसानभरपाई वरातीमागून घोडे यावे तशी येते. म्हणूनच आमचे जुने शेतकरी पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवितात आणि किती उगवले ते मोजतात. याज्ञवल्क्याचे दहा दिवस ते पाऊस पडण्याच्या आधीच वापरून घेतात. ह्या साध्या कृतीची सवय प्रत्येक घराने ठेवावी, आणि त्या मुदतीत परत आलेले बी दुकानदाराने त्याच दिवशी बदलून द्यावे, हे ह्या बाबतीतले खरे शहाणपण होय.

आता दुकानदाराची बाजू पाहिली पाहिजे. कारण ती न पाहता दिलेला निकाल एकतर्फी होईल. मुरबाडचा लहान दुकानदार हा स्वतःही एक गिऱ्हाईकच असतो. तो कल्याणच्या किंवा भिवंडीच्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल आणतो; सदोष माल त्याने परत घेतला, तर तो वर परत जाण्यास व त्याचे पैसे मिळण्यास पुष्कळ काळ लागतो, आणि तोवर त्याचे भांडवल अडकते. वरून जो विलंब त्याच्या वाट्यास येतो, तोच तो खाली बाईच्या वाट्यास ढकलतो. साखळीत जो सर्वांत दुबळा असतो त्याच्यापाशी येऊन हा भार थांबतो, कारण त्याच्या खाली ढकलण्यास कोणी उरलेला नसतो. तेव्हा दोष एकट्या दुकानदाराच्या माथी मारून मोकळे होणे हे न्यायाचे नव्हे.

घेणाऱ्यांच्याही नीतीचा विचार येथे केला पाहिजे. लग्नात नेसलेली साडी घडी मोडली नाही असे सांगून परत करणारे, पावसाळा संपताना छत्री नापसंत ठरविणारे, तीन मापांचे जोडे मागवून दोन परत पाठविणारे लोक आपल्या सुशिक्षित वर्गातच अधिक आढळतात. परतीची वाट फुकट आहे असे त्यांस वाटते. परंतु फुकट अशी वाट जगात नसते. आमची चादर नेणारा तो तरुण त्या दिवशी भिजला. ती चादर महामार्गाने भिवंडीच्या गोदामात गेली असेल. तेथे कोणी ती उलगडून तपासली असेल. आणि ह्या सर्वाचा खर्च कोणाच्या ना कोणाच्या किमतीत मिळविला गेला असेल. ज्या बाईला आपली बिघडलेली बॅटरी परत करता आली नाही, तिने घेतलेल्या एखाद्या वस्तूच्या किमतीतही आमच्या लहरीचा तो अंश शिरला नसेल, असे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

म्हणून दोन गोष्टी निराळ्या ठेवणे अगत्याचे आहे. वस्तूत दोष असणे ही एक, आणि मन पालटणे ही दुसरी. दोषाच्या बाबतीत पैसे परत मिळणे हा हक्क आहे; तेथे उशीर म्हणजे पहिल्या अन्यायावर दुसरा अन्याय. मन पालटणे हा माणसाचा धर्म आहे, आणि त्यालाही जागा असावी. मनूने दोन्ही पक्षांस दिलेला अनुशयाचा हक्क माणुसकीचाच आहे. परंतु तेथे नारदाचा तिसावा हिस्सा आठवावा. आपल्या लहरीचा थोडासा भार आपण उचलला, तर लहरी आपोआप कमी होतील आणि दुकानदारासही परत घेण्याचे भय वाटणार नाही. आज आपल्या बाजारात ह्या दोहोंची अदलाबदल झाली आहे. लहर सुलभ झाली आहे आणि हक्क दुर्लभ.

ह्यावर उपाय काय? मोठ्या योजना सुचविण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु काही साध्या गोष्टी कोणासही सुचण्यासारख्या आहेत. पहिल्या खेपेसच वस्तू तपासून तेथल्या तेथे निकाल देण्याचा अधिकार गल्ल्यावर बसणाऱ्या मुलास असावा; मालक नाहीत ही सबब पैसे घेताना कधी सांगितली जात नाही, ती देतानाही सांगू नये. पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत जावेत. परत घेतलेल्या मालाचे पैसे घाऊक व्यापाऱ्याने दुकानदारास ठरल्या दिवसांत चुकते करावेत, आणि न केल्यास दिवसागणिक भरपाई द्यावी. ज्या कंपनीचा माणूस माल पोचविण्यास वाडीपर्यंत जाऊ शकतो, त्यास बिघडलेला माल आणण्यासाठीही तेथवर जाता आले पाहिजे. आणि गावोगावच्या बचत गटांनी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी सर्वांचा सदोष माल एकत्र करून एकीने दुकानी नेला, तर वीस जणींची मजुरी वाचेल आणि वीस जणींचा आवाज एक होईल. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शहरातील कुटुंबांस एकत्र खरेदी करावयास शिकविले. एकत्र परत करावयास खेड्यांनी शिकावयास हरकत नाही.

तथापि ह्या सर्वांच्या आधी आपल्या मनातील एक समजूत दूर झाली पाहिजे. काही माणसांचा वेळ मोलाचा असतो व काहींचा नसतो, ही ती समजूत होय. ‘पुढच्या आठवड्यात या’ हे शब्द आपण कोणास सहज उच्चारतो आणि कोणास उच्चारण्यास कचरतो, ह्याचा ज्याने त्याने शोध घ्यावा. वस्तू बदलून देता येते, पैसे परत करता येतात. वाडीवरून बाजारापर्यंत तीनदा केलेली पायपीट आणि बुडालेले तीन दिवस कोणासही परत करता येत नाहीत. म्हणून ज्याची परतफेड करणे शक्य आहे, ती तरी वेळच्या वेळी व्हावी.

पुढे एकदा मुरबाडास जाण्याचा योग आला, तेव्हा आम्ही मुद्दाम त्या दुकानात गेलो. ती बॅटरी फळीच्या एका कोपऱ्यात तशीच पडून होती. तिच्यावर धूळ बसली होती. मालक स्वतः बसले होते. आम्ही त्यांस सर्व हकीगत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, बॅटरी उचलून पाहिली, आणि म्हणाले, ‘मला कोणी सांगितलंच नाही. बाई पुन्हा आली की नवी देईन.’ ते खरेच बोलत होते ह्यात आम्हांस शंका नाही. परंतु ती बाई आता कशाला येईल?